हौसेची जोडी, पिवळी पाटी

कापसाच्या दोन वेचण्या घरात आल्या, तुरीच्या शेंगा भरल्या, की आमच्या वऱ्हाडातल्या गावागावांत शंकरपटाची बोलणी सुरू होतात. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात, तिचाच हा आमच्याकडचा भाऊ. दोन बैलांची जोडी, हलकासा छकडा, त्यावर कासरे आवळून बसलेला धुरकरी आणि काही सेकंदांत संपून जाणारी धाव. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचे नाव तर वऱ्हाडाबाहेरही ठाऊक आहे. तिथे बायकांनीही जोड्या हाकल्या आहेत. ज्याच्या गोठ्यात पटाची जोडी, त्याला पंचक्रोशीत मान. घरची माणसे भाजीत तेल जपून घालतील, पण पटाच्या बैलांच्या ढेपेत नि सरकीत काटकसर होणार नाही. हौस म्हणतात ती हीच.

या हौसेवर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. बैलांना त्रास होतो की होत नाही, ही परंपरा की क्रौर्य, हा वाद घराघरांत झाला, तसा थेट सर्वोच्च न्यायालयातही झाला. तो वाद मला पुन्हा उकरून काढायचा नाही. मला बोलायचे आहे ते धावेबद्दल नाही, वाटेबद्दल. पटावरची धाव हाकेच्या अंतराची. पण त्या धावेपर्यंत पोचण्यासाठी हीच जोडी शंभर-शंभर किलोमीटरचा प्रवास करते, आणि तो आता पायी होत नाही. तो होतो पिकअपमधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, नाहीतर ज्या चारचाकी टेम्पोला लोकांनी लाडाने ‘छोटा हत्ती’ असे नाव दिले आहे, त्याच्या हौद्यातून. थंडीच्या दिवसांत बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे उभे राहिले, तर हत्तीच्या पाठीवर निघालेले बैल कोणालाही दिसतील.

पूर्वी पटाची जोडी चालत जायची. दोन दिवस आधी निघायचे, रेंगीला जुंपूनच न्यायचे, वाटेत पाहुण्याच्या गावी मुक्काम टाकायचा, बैलांना चारा-पाणी, माणसांना झुणका-भाकर. तेव्हा बैल हेच वाहन होते. मोटारगाड्या आल्या, रस्ते झाले, आणि वाहन असलेला बैल माल झाला. ‘माल’ हा शब्द मी माझ्या पदरचा घालत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ या कायद्यात मालाची जी व्याख्या आहे, तिच्यात जिवंत जनावरे स्पष्टपणे घातलेली आहेत. आपण आपल्या मोटारीतून बॅग नेली तर ती माल नव्हे, वैयक्तिक सामान आहे. पण पोळ्याला ज्याच्या पायावर आपण पाणी घालतो, तो बैल गाडीत चढला की माल. कायद्याला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. कायदा भावनेने व्याख्या करत नाही, आणि करूही नये. पण पुढचा सगळा घोटाळा या एका शब्दापासून सुरू होतो, म्हणून तो आधी सांगितला.

शर्यतींच्या बंदीचा इतिहास थोडक्यात असा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्राने आपल्यापुरती कायद्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना अटकाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राची दुरुस्ती वैध ठरवली. आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाचा दाखला लागतो, बैलाला यातना दिल्या तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धावपट्टीवरच्या काही सेकंदांसाठी एवढा बंदोबस्त झाला, आणि तो योग्यच झाला. परंतु धावपट्टीपर्यंतच्या शंभर किलोमीटरचे काय, हा प्रश्न कोणी नीट विचारलेला दिसत नाही. त्या वाटेसाठी नियम आहेत. पण ते पटवाल्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेले नाहीत, आणि म्हणून ते कोणी पाळतही नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर माझे बरेच दिवस खेड्यांतून जातात. आयुष्यभर बँकेत वाहनकर्जाच्या आणि पीककर्जाच्या फायली पाहिल्यामुळे लोक अजूनही कागद दाखवायला आणतात. मागे एका तरुण जोडीवाल्याने मला असा सवाल केला, की मी चटकन उत्तर देण्याऐवजी त्याला बसवून घेतले. “काका, बैल माहे, गाडी माही, डिझेल माह्या खिशातलं. भाडं म्हणून एक रुपया कोनाकडून घेत नाही. मंग हौशीले परमिट कायले पाह्यजे?” सवाल रास्त आहे. हौसेचे आणि धंद्याचे ओझे एकाच तराजूत का तोलायचे?

याचे कायद्यातले उत्तर साधे आहे, पण ते फारसे कोणाला ठाऊक नसते. भाडे घेतले की नाही, याला मालवाहू गाडीच्या बाबतीत फारसे महत्त्व नाही. माल नेण्यासाठी बांधलेली गाडी ही मालवाहू गाडी आहेच. पण तशी बांधलेली नसलेली गाडीही माल नेण्यासाठी वापरली, तर तेवढ्यापुरती ती मालवाहू ठरते. मग पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे, योग्यतेचा दाखला, परमिट, सगळे आले. परमिटाशिवाय गाडी चालवल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच खेपेला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे. एक दिलासा असा, की भरल्या गाडीचे नोंदणीतले एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल, तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती या रेषेच्या पुष्कळ अलीकडे आहे; पिकअप मात्र काही या बाजूला, काही त्या बाजूला. शेतीचा ट्रॅक्टर हा नियमांच्या भाषेत मालवाहू नव्हे. पण त्याच्या ट्रॉलीतून शेतीची सामग्री न्यायची असते. पटाचे बैल ही शेतीची सामग्री आहे काय? औताला जुंपलेला बैल असेल. ज्याच्या खांद्यावर औताचे जू वर्षातून एकदाही पडत नाही, त्याचे काय? हा वाद चावडीवर तास दोन तास सहज रंगेल, पण रस्त्यावर गाडी अडवल्यावर तो ऐकायला कोणाला वेळ असतो?

गंमत अशी, की १९३९च्या जुन्या मोटार कायद्याला हा फरक कळत होता. स्वतःचा किंवा स्वतःच्या धंद्याचा माल नेणारा ‘प्रायव्हेट कॅरिअर’ आणि भाड्याने दुसऱ्याचा माल नेणारा ‘पब्लिक कॅरिअर’, असे दोन वेगळे परवाने त्यात होते. ट्रकच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत ‘पब्लिक कॅरिअर’ रंगवलेले माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. १९८८च्या कायद्याने दोन्ही एकाच परवान्यात घातले. कारभार सोपा झाला हे खरे, पण आपले आपण नेणारा माणूस त्या सोपेपणात हरवला.

हे झाले गाडीचे. आता बैलांचे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली १२५-ई हा नवा नियम घालण्यात आला आणि तो १ जानेवारी २०१६पासून लागू झाला. जनावरे नेणाऱ्या गाडीत कायमस्वरूपी कप्पे हवेत, प्रत्येक जनावर स्वतंत्र कप्प्यात हवे, आणि गाय-म्हशीसाठी तो कप्पा किमान दोन चौरस मीटरचा हवा, असे तो सांगतो. शिवाय जनावरांसाठी असलेल्या गाडीतून दुसरा कोणताही माल न्यायचा नाही. त्याच्याही आधी १९७८चे जनावरांच्या वाहतुकीचे नियम होतेच. गाडीच्या तळाला पाय घसरू नये म्हणून काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या टाकाव्या, एका गाडीत सहापेक्षा जास्त जनावरे भरू नयेत, सोबत एक माणूस द्यावा, जनावरे बिचकू नयेत म्हणून त्यांची तोंडे शक्यतो इंजिनाच्या दिशेला ठेवावी. वाचताना असे वाटते की हे लिहिणाऱ्याने कधीतरी स्वतः गुरे हाकली असावीत.

दोन चौरस मीटर म्हणजे किती, हे आपण घरातल्या घरात मोजून पाहावे. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद, म्हणजे तीन चौरस मीटरच्या आसपास. नियमाने त्यात एकच बैल मावतो. दुसऱ्याला मागे गावातच राहावे लागेल, आणि मग जोडी कसली! पिकअपचा हौदा नऊ फुटांच्या घरातला. त्यात आडवी-उभी नीट आखणी केली तर दोन बैल कसेबसे नियमात बसतात. पण त्यांच्यासोबत छकडा टाकला, कुटाराची पोती टाकली, आणि वर चार पोरे चढली, की नियम गाडीतून खाली उतरतो.

माझ्या मते या नियमाचा खरा पेच कप्प्यांच्या मापात नाही. माप योग्यच आहे. पेच ‘कायमस्वरूपी’ या शब्दात आहे. आमच्याकडचा शेतकरी गाडी घेतो, तेव्हा ती एका कामासाठी घेत नाही. बँकेच्या कर्जअर्जात ‘वाहन घेण्याचा उद्देश’ असा एक रकाना असतो. त्यात बहुतेक अर्जदार ‘शेतमाल वाहतूक’ असे लिहायचे आणि ते खोटे नसायचे. पण ती गाडी सोमवारी संत्र्यांचे कॅरेट घेऊन अमरावतीला जायची, बुधवारी कापूस घेऊन जिनिंगला, आणि लग्नसराईत मांडवाचे बांबू घेऊन सोयऱ्याच्या दारी. अशा गाडीत लोखंडी कप्पे कायमचे ठोकले, तर ती वर्षातले चार दिवस पटाच्या कामाची आणि उरलेले तीनशे एकसष्ट दिवस बिनकामाची. हप्ता मात्र बाराही महिने द्यायचा. त्यामुळे नियम पाळणारी गाडी फक्त जनावरांच्या व्यापाऱ्यालाच परवडते. हौशी माणसाला तो नियम पाळणे शक्यच नाही, आणि म्हणून तो नियमातले पाळण्यासारखे, शहाणपणाचे जे आहे, तेही पाळत नाही. जो कायदा सगळेच मोडतात, त्याने कोणाचे रक्षण होत नाही. तो फक्त रस्त्यात गाडी अडवणाऱ्याच्या हातातले हत्यार होतो.

आणि गाडी अडवली जातेच. २०१५पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, आणि कत्तलीसाठी त्यांची वाहतूक करणे हा गुन्हा आहे. रात्री अकराला पटावरून परतणारी जोडी आणि चोरट्या वाटेने निघालेली जनावरे, टॉर्चच्या उजेडात दोन्ही सारखीच दिसतात. गळ्यात घुंगरू आहेत, शिंगांना रंग आहे, एवढ्यावर विश्वास ठेवायला रस्त्यावरचा पोलीस बांधलेला नाही; आणि पोलिसाच्या आधी जी स्वयंघोषित मंडळी काठ्या घेऊन उभी असतात, त्यांना तर कागदही वाचायचा नसतो. ज्याने पोटच्या पोरासारखा बैल सांभाळला, त्याला रात्रभर ठाण्यात बसून तो बैल आपलाच आहे हे सिद्ध करावे लागणे, यापरते दुःख नाही. पण सिद्ध करायला हातात योग्य कागद नसेल, तर केवळ दुःख सांगून भागत नाही.

हा पेच आमचाच आहे असे नव्हे. अमेरिकेत मोटारींच्या शर्यतींची हौस मोठी. हौशी शर्यतवाला आपली शर्यतीची गाडी ट्रेलरवर चढवून मैलोनमैल नेतो. तिथे साधारण साडेचार टनांवरच्या व्यापारी वाहनांना केंद्रीय सरकारचे कडक नियम लागू होतात. ट्रेलरसह वजन त्यापुढे गेले, की हौशी माणूस ट्रकवाल्याच्या रांगेत उभा राहायचा. यावर त्यांनी काढलेला तोडगा आपण अभ्यासावा असा आहे. भाडे न घेता, धंद्यासाठी नव्हे, अधूनमधून आपली वस्तू नेणाऱ्या व्यक्तीला त्या नियमांतून सूट आहे. आणि मोटारी, होड्या, घोडे असे काही शर्यतीला किंवा प्रदर्शनाला नेणाऱ्यालाही, बक्षिसाची रक्कम असली तरी ती मिळू शकते, असा खुलासा तिथल्या वाहतूक खात्याने केलेला आहे. मात्र अटी आहेत. बक्षीस उत्पन्न म्हणून करखात्याला दाखवायचे, शर्यतीचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा करायचा नाही, आणि कोण्या कंपनीचे प्रायोजकत्व नको. जड वाहन चालवण्याचा परवाना मात्र ज्या त्या राज्याच्या नियमाप्रमाणे घ्यावाच लागतो. युरोपातही साडेसात टनांपर्यंतच्या गाडीतून धंद्याशिवाय सामान नेणाऱ्याला व्यापारी चालकांच्या कामाच्या तासांचे नियम लागू होत नाहीत.

यातले मर्म मला असे दिसते. तिथे हौस आणि धंदा यांच्यातली रेघ माणसाच्या तोंडी शपथेवर ओढलेली नाही, त्याच्या हिशेबाच्या वहीवर ओढलेली आहे. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पटते. आमच्या पटवाल्यांनीही स्वतःला हाच प्रश्न विचारावा. पटाच्या बक्षिसात आता दुचाकी असतात, मोठ्या रकमा असतात. नाव कमावलेली जोडी लाखांच्या भावाने विकली जाते. कोणी घरची जोडी वर्षातून दोन पटांना नेतो, कोणी मात्र हंगामभर दर आठवड्याला नव्या गावी असतो आणि बैलांची खरेदी-विक्री हाच त्याचा व्यवसाय असतो. पहिल्याला हौशी म्हणावे. दुसऱ्याने हौशी म्हणवून घेऊन सवलत मागू नये. धंदा वाईट नाही. धंदा करावा, पण मग धंद्याचे ओझेही उचलावे.

इथवर मी जोडीवाल्याच्या बाजूने बोललो. आता त्याला न आवडणारे बोलतो. हौस आहे म्हणून परमिट, कर, पाटी यांत सवलत मागता येईल. पण सुरक्षिततेत सवलत मागता येणार नाही. परमिट हा सरकारचा आणि नागरिकाचा हिशेब आहे. वळणावर गाडी कलंडते, तेव्हा ती हौशी माणसाची की व्यापाऱ्याची, हे विचारत नाही. बैल एकेक चारशे किलोच्या आसपासचा. ओझे म्हणून सिमेंटची पोती वेगळी आणि बैल वेगळे. पोती जागची हलत नाहीत, बैल बिचकतो, एका अंगाला रेटतो, आणि उंच उभा असल्यामुळे गाडीचा तोल वरच्या वर डळमळतो. त्यातून रस्ते पूर्वीचे राहिलेले नाहीत. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला, त्याचा आम्हां वऱ्हाड्यांना अभिमान आहे. पण गुळगुळीत रस्त्यावर पायाखालचा वेग कळत नाही. आणि गाडी चालवणारा बहुधा पटाचाच एक शौकीन असतो. आदल्या रात्री बैलांपाशी जागलेला, दिवसभर उन्हात ओरडलेला. जिंकलेला असो की हरलेला, परतीच्या वाटेवर त्याच्या डोळ्यांत झोप असतेच.

सगळ्यात वाईट म्हणजे हौद्यात बैलांच्या पायांशी बसलेली पोरे. त्यांच्याविषयी प्रत्येक घरात माहीत असावी अशी एक गोष्ट आहे. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात, १९९४च्या दुरुस्तीपासून, मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना संरक्षण मिळते. पण सहज गंमत म्हणून, फुकट बसून आलेल्या माणसाला ते मिळत नाही. आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२च्या डिसेंबरात हे स्पष्ट केले. पुढच्या एका निकालात तर मालाचा मालक म्हणजे केबिनमध्ये बसून जाणारा, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे बैलांचा मालक पुढे केबिनमध्ये बसला असेल तर त्याला आधार आहे. मागे हौद्यात ‘चाल रे’ म्हटल्यावर उडी मारून चढलेल्या शेजारच्या पोराला नाही. कधी कधी न्यायालय कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करायला सांगते. पण ती कृपा आहे, हक्क नव्हे. आणि मग वसुली ज्या गाडीमालकाकडून होते, तो बहुधा त्या पोराचा मित्रच असतो.

नोकरीत असताना एका विमा कंपनीचे असे नकाराचे पत्र माझ्या टेबलावर आले होते. गाडी आमच्या शाखेच्या कर्जाची होती, म्हणून प्रत आम्हाला. कारण एका ओळीत होते: मृत व्यक्ती मालवाहू वाहनातून अनधिकृतपणे प्रवास करीत होती. त्या मुलाचे वडील शाखेत आले ते भांडायला नव्हे. पत्र इंग्रजीत होते, त्यात काय लिहिले आहे एवढेच त्यांना विचारायचे होते. मी मराठीत वाचून दाखवले. ते म्हणाले, “अनधिकृत म्हंजे? तो त गावातलाच होता.” कादंबऱ्यांतून मी पुष्कळ संवाद लिहिले, या एका वाक्यापुढे ते सगळे मला हलके वाटतात. गाव ज्याला आपला म्हणते, त्याला कागद परका म्हणतो.

तेव्हा करायचे काय? नुसते प्रश्न टाकून मोकळे होणे हे आम्हा लेखकांचे जुने व्यसन. म्हणून तीन सूचना मांडतो.

पहिली सरकारला. पटासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातोच, पशुवैद्यक बैल तपासतोच. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्लाही असतो. मग त्याच परवानगीला जोडून प्रत्येक जोडीला एक वाटपत्र का देऊ नये? जोडीचे बिल्ला क्रमांक, मालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, जाण्या-येण्याची तारीख आणि मार्ग, एवढे एका पानावर मावते. ते पान आरटीओ, पोलीस आणि पशुसंवर्धन तिन्ही खात्यांनी मानावे. कायद्यात यासाठी खिडकीही आहे. कलम ८७प्रमाणे विशिष्ट तात्पुरत्या गरजेसाठी चार महिन्यांपर्यंतचा तात्पुरता परवाना देता येतो. कोणी म्हणेल, अशा कागदाच्या आडून चोरटी वाहतूक वाढेल. मला उलट वाटते. आज कोणाकडेच कागद नाही, म्हणून खरा-खोटा ओळखता येत नाही. क्रमांक आणि तारीख असलेला कागद आला, की ज्याच्याकडे तो नाही तो आपोआप उघडा पडेल. २०२२मध्ये लंपीची साथ आली, तेव्हा जनावरांचे बाजार, शर्यती, वाहतूक सगळेच थांबवावे लागले. कोणते जनावर कुठून कुठे गेले याची नोंद असती, तर तेव्हाही तिचा उपयोग झाला असता. आणि १२५-ई नियमातला ‘कायमस्वरूपी’ हा शब्द बदलून, खाचेत घट्ट बसणारे, काढता-घालता येणारे प्रमाणित कप्पे चालतील असे करावे. हा नियम केंद्राचा आहे, तेव्हा आमच्या खासदारांनी हे काम दिल्लीला न्यावे. माप मात्र दोन चौरस मीटरच राहावे. त्यात सूट नको.

दुसरी सूचना पट भरवणाऱ्या मंडळांना. मैदानाच्या दाराशी जोडीची वर्गणी घेता, तशी गाडीही पाहा. तळाला चटई किंवा फळ्या नाहीत, बैलांसोबत छकडा कोंबलेला आहे, हौद्यात माणसे भरली आहेत, अशी गाडी आली तर त्या जोडीची नोंद घेऊ नका. एका हंगामात दोन मंडळांनी हे केले, तर तिसऱ्या हंगामात सांगावे लागणार नाही. आणि छकडे न्यायला चार-पाच जोड्यांनी मिळून एक वेगळी गाडी करावी. परतीसाठी रात्र टाळावी. पूर्वी पाहुण्याच्या गावी मुक्काम असायचा. तो मुक्काम मंडळाने मैदानाजवळ पुन्हा सुरू करावा. बैल, चालक, पोरे, तिघेही झोपतील.

तिसरी सूचना घरच्यांना, आणि रविवारचे पान सगळे घर वाचते म्हणून ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. विम्याची पॉलिसी कपाटात असते, ती एकदा बाहेर काढा. गाडीत किती माणसांना संरक्षण आहे, ती कुठे बसली पाहिजेत, जास्तीचा हप्ता भरून सोबतच्या माणसांची जोखीम घेता येते का, हे एजंटाला विचारा आणि लेखी मागा. बैलांचा विमा असेल, तर तो प्रवासात लागू आहे का, तेही विचारा. जोडीवर वर्षाकाठी जो खर्च होतो, त्याच्यापुढे हा हप्ता ढेपेच्या एका पोत्याइतका निघेल की दोन, एवढाच प्रश्न असतो. आणि पटाला निघताना आई-आजीने बैलांना ओवाळावे, जरूर ओवाळावे. पण ताम्हण खाली ठेवण्यापूर्वी गाडीच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारावी आणि हौद्यात चढलेल्या प्रत्येक पोराला नाव घेऊन खाली उतरवावे. त्यांना एस. टी.ने जाऊ द्या. पट सुरू व्हायच्या आत पोचतील.